‘घेत नाही, फक्त बसतो’ : संगतीबद्दल बायबल नेमकं काय सांगतं

पावसाळ्यातली रविवारची दुपार होती. उपासना झाली, तरुणांचा शास्त्रवर्ग उरकला, पोरं छत्र्या शोधत बाहेर पडली. एकजण मात्र खुर्च्या रचायच्या निमित्ताने मागे रेंगाळला. एमआयडीसीत नोकरीला लागून त्याला वर्ष झालं असेल. आदल्याच आठवड्यात त्याची आई माझ्याकडे येऊन रडून गेली होती. शनिवारी रात्री घरी येत नाही, पगार पंधरा तारखेच्या आत संपतो, विचारलं की अंगावर येतो. ती आली होती हे त्याला कळलेलं दिसत होतं. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, “ताई, मी घेत नाही हो. फक्त बसतो.”

“आज बसायचं का?” असं कुणी विचारलं की त्याचा अर्थ मराठी माणसाला सांगावा लागत नाही. तो खरंच घेत नव्हता, यावर माझा विश्वास होता आणि आजही आहे. मी त्याच्यासमोर स्तोत्रसंहिता उघडली, पहिलं स्तोत्र काढलं आणि पहिल्या ओवीतली क्रियापदं शोध म्हटलं. त्याने बोट ठेवून वाचलं. दुर्जनांच्या मसलतीने चालत नाही. पापी जनांच्या मार्गात उभा राहत नाही. निंदकांच्या बैठकीत बसत नाही. असा माणूस धन्य. ‘बैठकीत बसत नाही’पाशी त्याचं बोट थांबलं.

संगतीविषयी बायबलमध्ये ठिकठिकाणी लिहिलेलं आहे, पण मला विचाराल तर सगळ्याची किल्ली या तीन क्रियापदांत आहे. चालणं, उभं राहणं, बसणं. मूळ हिब्रूतही तीच तीन, त्याच क्रमाने. चालणाऱ्याच्या कानावर जाता जाता एखादा शब्द पडतो, आणि तो पुढे जाऊ शकतो. उभा राहिलेल्याला तिथलं काहीतरी आवडलेलं असतं. बसलेल्याची तिथे जागा ठरलेली असते. तो एखाद्या दिवशी आला नाही तर ‘आज का नाही आला?’ म्हणून फोन येतो. वाईट संगत माणसाला एका रात्रीत गिळत नाही. आधी पाय मंदावतात, मग थांबतात, मग मांडी घातली जाते. प्रत्येक पायरीवर माणूस खरेपणाने म्हणू शकतो की मी अजून काहीच केलेलं नाही.

उत्पत्तीच्या पुस्तकात अब्राहामाचा पुतण्या लोट याच्या बाबतीत हेच घडताना दिसतं. तेराव्या अध्यायात चाऱ्यापाण्यावरून गुराख्यांची भांडणं होतात, लोट यार्देनेच्या सुपीक खोऱ्याची निवड करतो आणि आपला तंबू सदोम या दुराचारासाठी कुप्रसिद्ध गावाच्या दिशेला ठोकतो. एवढंच, दिशेला. चौदाव्या अध्यायात तो सदोमात राहत असतो. एकोणिसाव्यात संध्याकाळी सदोमाच्या वेशीत बसलेला असतो, आणि त्या काळी वेस म्हणजे गावची चावडी, न्यायनिवाड्याची जागा. गावाचा नाश होणार हे कळल्यावरसुद्धा त्याचा पाय निघत नाही. शेवटी देवदूतांना त्याच्या हाताला धरून बाहेर ओढावं लागतं. लोट दुष्ट होता असं त्या अध्यायात कुठेही म्हटलेलं नाही. तो फक्त तिथला झाला होता.

आता सगळ्यांच्या तोंडी असलेलं वचन घेऊ. “फसू नका, कुसंगतीने नीती बिघडते.” करिंथकरांस पहिले पत्र, अध्याय १५, ओवी ३३. रविवारच्या शाळेतल्या लहान पोरांनाही ते पाठ असतं. मौज अशी की हे वाक्य मुळात, ते पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाचं नाही. मेनँडर नावाचा ग्रीक नाटककार पौलाच्या साडेतीनशे वर्षं आधी होऊन गेला, त्याच्या विनोदी नाटकातली ती ओळ मानली जाते. पौलाच्या काळात ती म्हणीसारखी लोकांच्या तोंडी होती. आपल्याकडे ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ म्हणतात, तसंच. करिंथ हे दोन बंदरांचं, दूरदूरच्या माणसांनी गजबजलेलं व्यापारी शहर. पौल तिथे दीड वर्ष राहिलेला होता, तंबू शिवून पोट भरलेला होता. त्या शहराच्या ओळखीची म्हण त्याने त्यांच्यासमोर ठेवली.

पण ती कुठल्या विषयात ठेवली, हे पाहायला आपण विसरतो. पंधरावा अध्याय दारूवर नाही, जुगारावर नाही. तो मेलेल्यांच्या पुनरुत्थानावर आहे. करिंथच्या ख्रिस्ती मंडळीतलेच काहीजण म्हणू लागले होते की मेलेले काही उठत नाहीत. त्याच्या आदल्याच ओवीत पौल म्हणतो, मेलेले उठत नसतील तर ‘चला, खाऊ पिऊ, कारण उद्या मरायचं आहे’ असं म्हणणंच बरं, आणि लगेच ही म्हण येते. म्हणजे त्याच्या मनातली कुसंगत गुत्त्यातली नव्हती. ती उपासनेला येणाऱ्या, आपल्याच बाकावर बसणाऱ्या माणसांची होती. त्या म्हणीतला मूळ ग्रीक शब्द आहे ‘होमिलिया’. त्याचा अर्थ सोबत असा होतो आणि संभाषण असाही होतो. संगत म्हणजे आपण कुणाच्या बोलण्यात दिवस काढतो ते. माणूस निर्व्यसनी असेल, शुभ्र कपड्यातला असेल, पण ‘कशाला काही अर्थ नाही, सगळे सारखेच, आज आहे ते ओरबाडून घ्या’ हे रोज कानात ओतत असेल, तर पौलाच्या लेखी तीही कुसंगतच.

म्हणूनच स्तोत्रातला शेवटचा शब्द मला नेहमी टोचतो. बैठक दारुड्यांची म्हटलेली नाही, निंदकांची म्हटलेली आहे. जिथे कुणाच्याही चांगुलपणावर हसतात, भोळ्या माणसाला येडा ठरवतात, प्रामाणिक माणसाची नक्कल करतात, ती बैठक. आता अशा बैठकीला पार किंवा टपरी लागत नाही, मोबाइलवरचा ग्रुप पुरतो. वर्षभर अशा ग्रुपमध्ये राहिलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांना व्यसन लागलेलं नसतं, पण एखाद्या गोष्टीबद्दल मनापासून बोलताना त्यांना लाज वाटायला लागते.

नीतिसूत्रांचा पहिला अध्याय आईबापांनी मुलांना शेजारी बसवून वाचावा असा आहे. दहाव्या ओवीपासून एक टोळी एका पोराला आत ओढायला बघते आणि बाप त्याला त्यांचे शब्द आधीच ऐकवून ठेवतो. ‘आमच्याबरोबर चल’ ही सुरुवात. मग दबा धरून एखाद्या निरपराध्याला गाठायचा बेत. मग घरं लुटीने भरतील हे आमिष. आणि शेवटी सगळ्यात गोड वाक्य: आमच्यात वाटा घे, आपल्या सगळ्यांची थैली एकच असेल. लूट हे खरं आमिषच नाही. आमिष आहे ते ‘आपल्या सगळ्यांची’ या शब्दांत. ज्या पोराला घरी कुणी विचारत नाही, कामावर ज्याला नावाने हाक मारत नाहीत, त्याला एक थैली, एक ताट, एक टोळी मिळते आहे. त्या आधाराची भूक खोटी नसते. पुढे तो बाप म्हणतो की पाखराच्या डोळ्यांदेखत जाळं पसरलं तर ते फुकट जातं. ही माणसं मात्र आपल्याच रक्तासाठी दबा धरून बसली आहेत. पाखराला जेवढं कळतं तेवढं त्यांना कळत नाही.

हे सगळं पोरासोरांनाच लागू आहे असं वाटत असेल तर राजांच्या पहिल्या पुस्तकाचा बारावा अध्याय वाचावा. इस्राएलाचा राजा शलमोन मेला, त्याचा मुलगा रहबाम गादीवर बसायला शखेमाला गेला. त्याचं वय तेव्हा ४१ होतं, हे पुढे चौदाव्या अध्यायात येतं. लोकांची मागणी साधी होती: तुझ्या बापाने आमच्यावर भारी जू लादलं, ते थोडं हलकं कर, आम्ही तुझी सेवा करू. रहबामाने तीन दिवस मागून घेतले. बापाच्या दरबारातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलं, आज तू या लोकांचा सेवक झालास, त्यांच्याशी गोड बोललास, तर ते कायमचे तुझे होतील. त्याने ती मसलत टाकून दिली, आणि ज्यांच्याबरोबर तो लहानाचा मोठा झाला होता त्यांना विचारलं.

इथे क्षणभर थांबा. वडीलधाऱ्यांना तो विचारतो, लोकांना उत्तर द्यायचं तर तुमचा सल्ला काय? मित्रांना विचारताना वाक्य बदलतं: ‘आपण’ यांना काय उत्तर द्यावं? आणि या मित्रांसाठी हिब्रूत जो शब्द आहे त्याचा सरळ अर्थ ‘पोरं’ असा होतो. एक्केचाळीस वर्षांच्या राजाबरोबरची ही पोरं. त्यांनी त्याला वाक्य शिकवलं: माझी करंगळी माझ्या बापाच्या कमरेहून जाड आहे, बापाने तुम्हाला चाबकांनी मारलं, मी विंचवांनी मारीन. करंगळीचं वाक्य लोकांसमोर आल्याची नोंद नाही, विंचवांचं मात्र तो जसंच्या तसं बोलला. इस्राएलाचे दहा वंश उठून गेले, त्यांनी यराबामाला राजा केलं. वेठबिगारीवरच्या अधिकाऱ्याला त्यांच्याकडे पाठवलं तर लोकांनी त्याला दगडमार करून ठार केलं आणि राजाला रथात उडी घेऊन यरुशलेमेला पळावं लागलं. दाविदाने जोडलेलं राज्य दोन तुकडे होऊन पडलं. मित्रांनी रहबामाच्या डोक्यात नवं काही घातलं असं मला वाटत नाही. त्याला जे ऐकायचं होतं तेच त्यांनी त्याला ऐकवलं. वाईट संगत पुष्कळदा आपणच निवडलेला आरसा असते.

दुसरी गोष्ट सांगायला जड जाते, पण ती टाळली तर विषय अर्धा राहतो. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा तेरावा अध्याय. दाविदाचा मुलगा अम्नोन याला आपल्या सावत्र बहिणीचा, तामारेचा, मोह पडतो. तो झुरतो, पण काही करत नाही. मग ओवी येते: अम्नोनाला एक मित्र होता, योनादाब. चुलतभाऊ, आणि फार हुशार. तो विचारपूस करतो, राजपुत्रा, तू दिवसेंदिवस असा का वाळत चालला आहेस? आणि मग आजारी पडल्याचं सोंग कसं करायचं, बापाकडे काय मागायचं, सगळं पढवून देतो. अम्नोन तामारेवर बलात्कार करतो. ती उद्ध्वस्त होऊन भावाच्या, अबशालोमाच्या, घरी राहते. दोन वर्षांनी मेंढरं कातरण्याच्या मेजवानीत अबशालोम अम्नोनाला मारवतो. सगळे राजपुत्र मारले गेले अशी आवई उठते, दावीद जमिनीवर पडतो. तेव्हा शांतपणे कोण बोलतं? योनादाब. सगळे नाही मेले महाराज, एकटा अम्नोन मेला. अबशालोमाने त्या दिवसापासूनच हे ठरवलं होतं.

म्हणजे त्याला कल्पना होती. मित्राच्या जिवावर काय बेतलं आहे हे त्याने ओळखलं होतं, आणि त्याला सावध केल्याची एकही ओळ त्या अध्यायात नाही. ज्याने रस्ता दाखवला त्याच्या अंगाला शेवटी काहीच लागलं नाही. मुलांना मी नेहमी एवढंच विचारते: तुमच्या ओळखीत असा कुणी आहे का, जो प्रत्येक वेळी युक्ती देतो आणि प्रत्येक वेळी स्वतः नामानिराळा राहतो?

आता दुसरी बाजू. इथवर वाचून कुणी म्हणेल, मग वाईट माणसांपासून लांबच राहावं. पण येशू तर लांब राहिला नाही. लेवी नावाच्या जकातदाराच्या, म्हणजे लोकांच्या मनातून उतरलेल्या करवसुली करणाऱ्याच्या घरी तो जकातदार आणि पापी यांच्या पंगतीला बसला. तेव्हाच्या धार्मिक लोकांनी त्याच्यावर जो आरोप केला तो नेमका संगतीचाच होता: खादाड, दारूबाज, जकातदारांचा आणि पाप्यांचा मित्र. त्याने उत्तर दिलं की वैद्याची गरज निरोग्यांना नसते, आजाऱ्यांना असते. जक्कय नावाच्या दुसऱ्या जकातदाराच्या घरी तो पाहुणा म्हणून गेला आणि त्याच घरात जक्कय उभा राहून म्हणाला की माझी अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत करतो. पंगतीत वारं कुणाकडून कुणाकडे वाहत होतं, ते पाहा.

पौलालाही हा गैरसमज निस्तरावा लागला. करिंथकरांना त्याने आधी एक पत्र लिहिलं होतं, ते आज आपल्याकडे उरलेलं नाही. त्यात अनाचारी लोकांची संगत धरू नका असं होतं. लोकांनी त्याचा अर्थ काढला की बाहेरच्या जगाशी संबंधच नको. तेव्हा पाचव्या अध्यायात तो खुलासा करतो: मी जगातल्या सगळ्या लोकांबद्दल बोललो नव्हतो, तसं असतं तर तुम्हाला जगच सोडून जावं लागलं असतं. मी म्हणालो ते स्वतःला भाऊ म्हणवून लोभ, व्यभिचार, लुबाडणूक करणाऱ्याबद्दल.

हा मुद्दा मला पोटतिडकीने मांडावासा वाटतो, कारण आपल्याकडे ‘संगत’ हा शब्द फार वाईट कामाला लावला गेला आहे. ‘त्या वस्तीतल्या पोरांत खेळू नकोस’, ‘त्यांच्या घरचं पाणी पिऊ नकोस’. असं म्हणताना मुलांच्या नीतीची काळजी किती असते आणि जातीची किती, हे ज्याने त्याने तपासावं. आपल्यापैकी कित्येकांच्या आजोबा-पणजोबांना लोकांनी याच शब्दाने वेशीबाहेर ठेवलं होतं. बायबलमधली कुसंगत जन्मावर, वस्तीवर, गरिबीवर ठरत नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्ती मिशनमध्ये, समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायांसाठी कृपासदन काढलं. त्या बायांच्या सावलीलाही लोक घाबरत होते. त्याच बाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत सबंध बायबल आणलं. कुसंगतीची वचनं त्यांनी स्वतः शब्दाशब्दाने उतरवली होती, आणि तरी दार उघडंच ठेवलं.

मग रेषा कुठे काढायची? शेतकऱ्याच्या घरातल्या माणसाला हे चटकन कळेल. बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात आज्ञा आहे की बैल आणि गाढव एकत्र जुंपून नांगरू नकोस. पौल तेच चित्र घेऊन विजोड जुवाखाली जाऊ नका असं लिहितो. बैल आणि गाढव एकाच गोठ्यात बांधता येतात, एकाच हौदावर पाणी पितात. पण एका जुवाखाली आले की एकाची चाल दुसऱ्याच्या मानेवर येते. उंची वेगळी, ताकद वेगळी, पाऊल वेगळं. दोघांच्याही खांद्याला जखमा होतात आणि तास वाकडं जातं. शेजार, नोकरी, एका डब्यात जेवण, अडीअडचणीला धावून जाणं हे गोठ्यातलं झालं. आपले निर्णय, आपला पैसा, आपली लाज आणि आपली रात्र कुणाच्या हाती द्यायची, हे जुवाचं आहे. कुणाला सावरायला जायचं असेल तेव्हाही गलतीकरांच्या सहाव्या अध्यायात पौल बजावतो: सौम्यपणे सावर, पण तूही मोहात पडू नयेस म्हणून स्वतःकडे लक्ष ठेव.

प्रत्यक्षात ‘नाही’ कसं म्हणायचं, हे मी दानीएलाकडून शिकले. बाबेलच्या दरबारात राजाच्या ताटातलं अन्न आणि द्राक्षारस त्याच्यापुढे आला, त्याआधीच त्याने मनात ठरवलेलं होतं. ताट समोर आल्यावर ठरवायला बसलं तर उशीर झालेला असतो. त्याने भाषणही केलं नाही, विनंती केली. वरचा अधिकारी घाबरला, तर तो खालच्या कारभाऱ्याकडे गेला आणि म्हणाला, दहा दिवस आम्हाला भाजीपाला आणि पाणी देऊन बघा. ‘आम्हाला’ म्हणाला, कारण हनन्या, मीशाएल आणि अजऱ्या बरोबर होते. चौघे मिळून नाही म्हणत होते. योसेफावर त्याचा मालक पोटीफर याच्या घरात, मालकाच्या बायकोने गळ घातल्यावर, तशी वेळ आली तेव्हा बरोबर कुणी नव्हतं, आणि वादही घालता येण्यासारखा नव्हता. तो अंगावरचं वस्त्र तिच्या हातात टाकून पळाला. काही ठिकाणी पळणं हाच शहाणपणा असतो. पण आपला तरुण सहकारी तीमथ्य याला मोहापासून पळ काढायला सांगताना पौल त्याच वाक्यात कुणाबरोबर राहायचं तेही सांगतो: शुद्ध मनाने प्रभूचा धावा करणाऱ्यांबरोबर. नुसती एक बैठक सोडलेला माणूस आठ दिवसांत परत तिथेच जातो, कारण शनिवारची संध्याकाळ त्याला खायला उठते.

पहिल्या स्तोत्रातही निंदकांच्या बैठकीनंतर लगेच झाड येतं. पाण्याच्या प्रवाहाजवळ लावलेलं झाड. हिब्रूत तो शब्द वाटून नेलेल्या पाण्याचा आहे, आपल्या पाटाच्या पाण्यासारखा. आणि झाड आपोआप उगवलेलं नाही, कुणीतरी तिथे आणून लावलेलं आहे. दुर्जन मात्र वाऱ्यावर उडणाऱ्या भुसासारखे. खळ्यावर उफणताना ज्याने पाहिलं आहे त्याला माहीत आहे, भुसा कधी एकटा उडत नाही, सगळा मिळूनच उडतो.

हे सगळं त्या दुपारी मी त्या मुलाला सांगितलं नाही. एवढं कोण ऐकेल! मी त्याला विचारलं, शनिवारी संध्याकाळी तुला दुसरीकडे कुठे बसता येईल? तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “कुठेच नाही, ताई.” हे ऐकून मला स्वतःचीच लाज वाटली. आमच्या मंडळीत त्याच्या वयाच्या मुलांसाठी रविवारचा तास होता, शनिवारची संध्याकाळ नव्हती. पुढच्या आठवड्यापासून आमच्या गच्चीवर तीन-चार जण यायला लागले. एक ढोलकी, एक कॅरम, मी केलेली खिचडी. तो पहिल्या दोन शनिवारी आला नाही. तिसऱ्या शनिवारी साडेनऊला आला, आणि जिन्यातच उभा राहिला.

त्याला वर बोलावताना मला येशूचा शिष्य पेत्र याची आठवण झाली. येशूला धरून नेलं त्या रात्री थंडी होती. महायाजकाच्या वाड्याच्या अंगणात चाकर आणि शिपाई कोळशाचा विस्तव करून शेकत होते, आणि पेत्रही त्यांच्यात जाऊन शेकत राहिला. त्याने कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं. त्याला ऊब हवी होती आणि ओळख द्यायची नव्हती. तिथे तीनदा विचारलं गेलं, त्याच्या गालीली बोलीनेही त्याला उघडं पाडलं, आणि तीनदा त्याने ‘मी त्या माणसाला ओळखत नाही’ म्हटलं. योहानाने विस्तवासाठी इथे जो ग्रीक शब्द वापरला आहे तोच तो आणखी एकदा वापरतो, एकविसाव्या अध्यायात. पहाटेचं तळं, रात्रभर जाळं टाकून थकलेले कोळी, आणि किनाऱ्यावर कोळशाचा विस्तव. त्यावर मासळी आणि भाकर. पेत्र ओल्या कपड्यांनीच पाण्यातून येतो. तिथे उभा असलेला येशू त्या रात्रीबद्दल काही विचारायच्या आधी म्हणतो, “या, न्याहारी करा.”